चिंचेच्या पाण्यातला रोमन दरवाजा

आमच्या घरी सतराशे वर्षांपूर्वीचं एक रोमन नाणं आहे आणि ते नव्या बटणासारखं चमकतं. नाण्यांतलं ज्याला थोडंफार कळतं असा माणूस ते हातात घेतो, माझ्याकडे बघतो आणि काहीतरी बोलायचं टाळतो. एकाने मात्र टाळलं नाही. "हे कुणी केलं?" म्हणाला. मी म्हटलं, "माझ्या बाबांनी. दरवर्षी करतात." त्याने चहा अर्धाच ठेवला आणि उठला. मला हसू आलं, कारण ह्याच गोष्टीवरून एकदा मी स्वतः त्याच्या दसपट तमाशा केला होता. त्या तमाशात मी जे बोलले, त्याची आजही लाज वाटते.

माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो. आई म्हणते, भिलाईच्या उन्हात जन्मली म्हणून. उन्हावर ढकलणं सोयीचं आहे, पण तेवढ्या उन्हात बाबांनीही आयुष्य काढलं आणि त्याशिवाय भट्टीच्या आचेत काढलं, आणि त्यांचा आवाज चढलेला मला आठवत नाही.

बाबा प्लांटमध्ये कोक ओव्हनला फायरब्रिकचे मिस्त्री होते. कोळशाचा कोक करणाऱ्या त्या भट्ट्यांच्या भिंती आतून झिजतात, विटा सुटतात, आणि भट्टी काही पूर्ण थंड होऊ देत नाहीत. मग तापलेल्या दाराशी उभं राहून, पाळीपाळीने थोडा थोडा वेळ आत हात घालून विटा बदलायच्या. भंडारा जिल्ह्यातल्या खेड्यातून आलेल्या माणसाने तीस-बत्तीस वर्षं हेच केलं. त्यामुळे भिंत दिसली की त्यांना ती वाचल्याशिवाय राहवत नसे. कुणाच्या लग्नाला गेलो की आई नवरीचा शालू बघायची आणि बाबा हॉलची भिंत. "इथी सांधा सांध्यावर आला," असं ते हळूच म्हणायचे, आणि मग जेवताना त्यांचं लक्ष त्याच कोपऱ्यात. विटेवर वीट ठेवताना खालच्या दोन विटांमधला सांधा वरच्या विटेच्या पोटाखाली आला पाहिजे, सांध्यावर सांधा आला की भिंत तिथूनच चिरते, हे मला अक्षरओळख व्हायच्या आधी कळलं होतं.

छत्तीसगढ वेगळं होऊन तेव्हा काही वर्षं झाली होती. मी इतिहासात एम.ए. करत होते आणि शेवटच्या वर्षाला एक छोटा प्रबंध लिहायचा होता. सगळ्यांनी इथलेच विषय घेतले, मंदिरं, शिलालेख. माझं नशीब वेगळं निघालं. आमच्या बाईंनी मला दुर्गला एका निवृत्त वकिलांकडे पाठवलं. कोर्टापासून जवळच, जुन्या बाजारामागे त्यांचं घर. घराणं मराठीच, पण तीन पिढ्या दुर्गला काढलेल्या. त्यांचा धाकटा भाऊ जहाजावर नोकरीला होता आणि परदेशातल्या बंदरांतून त्यांच्यासाठी जुनी रोमन नाणी घेऊन यायचा. वीस-बावीस नाणी होती. सगळ्यांवर काही ना काही बांधलेलं. देऊळ, पूल, बंदर, खेळांचं गोल मैदान, पाण्याचा कालवा, वेस.

"राजांच्या तोंडात मला रस नाही," वकीलकाका म्हणाले. "चाळीस वर्षं कोर्टात तोंडंच पाहिली. मी नाणं उलटं करूनच ठेवतो."

मला हा माणूस तिथल्या तिथे आवडला. त्यांनी मला एक एक नाणं घरी नेऊ द्यायचं कबूल केलं. काड्यापेटीत कापूस, कापसात नाणं. मी घरी त्याचं चित्र काढायचं, वर्णन लिहायचं आणि ते परत करून दुसरं न्यायचं. काड्यापेटी माझ्या हातावर ठेवताना त्यांनी बोट उगारून सांगितलं, "तेल नाही, साबण नाही, पाणीसुद्धा नाही. आहे तसं." मी मान हलवली. घरी कुणाला सांगितलं नाही. आमच्या घरी माझ्या टेबलाला कोण हात लावणार होतं? ही चूक माझी, आणि ती पहिली आहे, म्हणून आधी लिहिते.

सेक्टर सहाच्या आमच्या क्वार्टरमध्ये माझं टेबल म्हणजे खिडकीजवळचं शिलाई मशीन. वरची फळी लावली की टेबल. संध्याकाळी मी तिथे बसून मोठ्या भिंगातून नाणं बघायची आणि बाबा मागे उभे राहायचे. ते वर्षभरापूर्वीच रिटायर झाले होते आणि त्यांना दिवस जाता जात नव्हता. सकाळी सवयीने पहिल्या पाळीच्या वेळेला उठायचे, डबा मागायचे नाहीत एवढंच. ही नाणी घरात आली आणि त्यांना जणू ड्युटी लागली.

पुलाचं नाणं आलं तेव्हा त्यांनी ते दोन दिवस परत करू दिलं नाही. "एवढा पूल, आन् खाली एकच होडी? पिलर कुठी हायेत?" मी म्हटलं, नाण्यावर जागा कमी, कारागिराने एकच कमान दाखवली. ते म्हणाले, "कमी जागा असली म्हनून पिलर काढून टाकनार का?" नव्या रस्त्याच्या नाण्यावर रस्ताच नव्हता, चाक धरून रेललेली एक बाई होती. बाबांना ते मुळीच पटलं नाही. कालव्याच्या नाण्यावर कमानीखाली एक देव आडवा पडलेला. आई भाजी निवडता निवडता उठून आली, तिने भिंगातून पाहिलं आणि म्हणाली, "नळ आला असन, आन् हा झोपून राहिला." आमच्याकडे पाणी ठरावीक वेळेलाच यायचं. आईच्या डोक्यात दिवसभर तेच.

एकदा बाबांनी विचारलं, "एका बाजूले राजाचं तोंड. दुसऱ्या बाजूले त्यानं बांधलेलं. मंग बांधनारा कुठी हाये?"

मी म्हटलं, "राजानंच बांधलं असं म्हनतात, बाबा."

"राजानं?" ते एवढंच म्हणाले आणि हसले.

मग वेशीचं नाणं आलं. पन्नास पैशाएवढं, तांब्याचं. मागच्या बाजूला एक दरवाजा, वर दोन बुरूज आणि बुरुजांच्या मधोमध एक तारा. भिंत चौकोनी दगडांची, थरावर थर. ही वेशीची नाणी फार निघाली होती म्हणतात, आणि त्यांचे प्रकार ओळखताना भिंतीचे थर किती हे मोजावं लागतं. माझ्या नाण्यावर वरचे तीन थर स्वच्छ दिसत होते आणि खाली सगळं हिरवट-तपकिरी. चार असतील, पाच असतील, सात असतील. मी तीन संध्याकाळी भिंग घेऊन बसले. दिवा डावीकडे ठेवला, उजवीकडे ठेवला. शेवटी वही आपटली आणि म्हणाले, "थर दिसले असते ना, तं माहा जीव सुटला असता!"

बाबा मागेच उभे होते. "घान बसली हाये," ते म्हणाले. मी जेवायला उठले. मला भूक लागली होती.

जयंतीला तीन-चार दिवस राहिले होते. आमच्याकडे नुसतं जयंती म्हटलं की कुणाची हे सांगावं लागत नाही. जयंतीच्या आधी घरातलं सगळं पितळ उजळायचं हे काम बाबांचं. दुसऱ्या कुणाचं नाही. मागच्या अंगणात घमेल्यात चिंच भिजवायची, चुलीची बारीक राख चाळून ठेवायची, ती आई शेजारच्या बस्तीतून मागून आणायची, आणि मांडी घालून सकाळभर बसायचं. पितळेची बुद्धमूर्ती आधी. मग मेणबत्तीची दोन स्टँडं, अगरबत्तीचं घर, आजीने दिलेला पाण्याचा गुंड, फुलपात्रं. मूर्तीच्या कानामागची, बोटांच्या मधली काजळी ते जुन्या टूथब्रशने काढायचे. तेवढा वेळ त्यांच्याशी कुणी बोललेलं त्यांना चालत नसे. लहानपणी मी समोर बसून मूर्तीचा चेहरा काळ्याचा सोनेरी होताना बघायची आणि मला वाटायचं, माझे बाबा हे जादूचं काम करतात.

त्या वर्षी पितळ उजळायच्या दिवशी मी दुर्गला लायब्ररीत गेले होते. दुपारी परत आले. खिडकीच्या कट्ट्यावर वर्तमानपत्र अंथरून सगळं ओळीने उन्हात वाळत ठेवलेलं. मूर्ती, स्टँडं, गुंड, फुलपात्रं. आणि ओळीच्या शेवटी, नीट, दरवाज्याची बाजू वर करून, ते नाणं. लालबुंद. सोनाराकडून आत्ता आणल्यासारखं.

बाबा दारातच वाट बघत होते. त्यांचा चेहरा मी विसरू शकत नाही. शाळेत पहिला नंबर आला की मी जशी उभी राहायची, तसे ते उभे होते.

"सहा!" ते म्हणाले. "सहा थर हायेत, बेटा. मी मोजले. आता पाह्य, एकन् एक दगड दिसते."

 मी नाणं उचललं. ते खरंच एकन् एक दगड दाखवत होतं आणि त्याच्या अंगावर सतराशे वर्षांतलं काहीसुद्धा उरलं नव्हतं. मला वकीलकाकांचं उगारलेलं बोट दिसलं, प्रबंध दिसला, बाईंचा चेहरा दिसला. समोर उभा असलेला माणूस तेवढा दिसला नाही.

"कोनं सांगितलं होतं तुमाले?" मी ओरडले. "कावून हात लावला? माह्या वस्तूले हात नका लावत जाऊ! समजलं? कशालेच हात नका लावू!"

बाबांनी दोन्ही हात मागे घेतले. मारायला उगारल्यावर लहान मूल घेतं तसे, पाठीमागे. बोटांना चिंच लागलेली होती. ते अंगणात गेले, घमेलं ओतलं, राख भरली. आतून आईने गॅस बंद केल्याचा आवाज आला. ती बाहेर आली, माझ्याकडे पाहिलं, आणि पहिल्यांदाच मला रागावली नाही. ते मला जास्त लागलं.

दुसऱ्या दिवसापासून बाबा वेगळेच वागू लागले. रुसले म्हणावं तर रुसले नव्हते. जेवत होते, बोलत होते, बातम्या ऐकत होते. पण रोज सकाळी माझी पिशवी स्कूटरला अडकवणारे बाबा आता आईला म्हणायचे, "तिची थैली दे वो." माझी वही जेवणाच्या जागी राहिली तर ते बाजूला बसून जेवायचे, वही सरकवायचे नाहीत. खिडकी लावायची तर माझ्या टेबलावरून हात न्यावा लागे, म्हणून उन्हाची झळ येऊ दिली पण खिडकी लावली नाही. मी म्हटलं, "बाबा, लावा ना खिडकी." ते म्हणाले, "तू लाव. मी नाई हात लावत." आवाजात राग नव्हता, टोमणाही नव्हता. सांगितलेलं काम नीट करणाऱ्या माणसाचा आवाज होता.

एका दुपारी आई तूरडाळ निवडत ओट्यावर बसली होती. मी शेजारी बसले. तिने ताटातली डाळ एका बाजूला केली आणि माझ्याकडे न बघता बोलायला लागली.

"तुह्या बाबाच्या गावात एक दुकान होतं. माय त्याहिले तेल आनाले पाठवे. दुकानाच्या पायरीवर पैसा ठेवा लागे. हातात देनं नाई. दुकानदार लोट्यातून त्या पैशावर पानी टाके, मंग उचले. रोजचंच होतं. एक दिवस उनाचं, लोट्यातलं पानी संपलं होतं, तं दुकानदार याहिले उभं ठेवून राहिला. तं हे पोरगं म्हने, 'काका, पैसा मी घरूनच घासून धुवून आनला, पाहा, कसा चमकून राहिला.' चिंचेनं घासला होता म्हने. सकाळपासून घासत होता."

"मंग?"

"मंग काय. दुकानदार म्हने, 'हात तं तुहाच लागला ना बे.'"

आईने एक खडा काढून अंगणात फेकला. "लगन झालं तवा एकडाव सांगतलं होतं मले. पुन्हा नाई सांगतलं. तू रागावली त्याचं काई नाई, तू लहानपनापासून तशीच. पन तू जे बोलली ना, ते त्याहिनं आधी आयकलेलं हाये."

 मी उठून न्हाणीघरात गेले, नळ सोडला आणि रडले. पाणी येण्याची वेळ नव्हती, नळ नुसता फुसफुसत होता. मी एम.ए. करत होते, जयंतीला स्टेजवर भाषण करणार होते, भाषणाचा कागद तयार होता. आणि माझ्या घरात, माझ्या तोंडून, तेच वाक्य. जाऊन पाया पडावं असं वाटलं, पण बाहेर आले तर बाबा माझ्या टेबलाला वळसा घालून जात होते, आणि माझ्या तोंडून शब्द फुटेना. रागाचे शब्द मला पटकन सुचतात. हे सुचत नाहीत.

जयंती झाली. मी भाषण केलं नाही, घसा बसला म्हणून सांगितलं. घसा खरंच बसला होता.

दुसऱ्या दिवशी मला नाणं परत करायला जायचं होतं. काड्यापेटी पिशवीत ठेवून बाहेर आले तर बाबा स्कूटरशेजारी उभे. अंगात रिटायर झाले त्या दिवशीचा पांढरा शर्ट. "चूक माही हाये," ते म्हणाले. "मी येतो सोबत." मी नको म्हणून पाहिलं. ते स्कूटर चालवायला बसलेसुद्धा. 

वकीलकाका व्हरांड्यात बसले होते. मी काड्यापेटी उघडून त्यांच्यापुढे धरली. त्यांनी चष्मा बदलला, नाणं उचललं, उलटं केलं, सुलटं केलं. मग हळूच टेबलावर ठेवलं.

"पोरी, मी तुला काय सांगितलं होतं?"

"पाणीसुद्धा नाही."

"मग?"

"तिनं नाई केलं, सायब," बाबा म्हणाले. ते अजून उभेच होते, हात पाठीमागे. "मी केलं. चिंचेनं. मले वाटलं, घान हाये."

"घाण नव्हती ती." वकीलकाका म्हणाले. "साय होती. दुधावर धरते तशी. जमिनीत पडून पडून इतक्या वर्षांत धरलेली. ती एकदाच धरते हो. आता हे जुनं नाणं राहिलं नाही." त्यांनी मोठा डबा ओढला आणि त्याचं झाकण लावलं. "बाकीची नाणी मी आता देणार नाही. नाही देऊ शकत. माफ करा."

माझा प्रबंध तिथेच संपला होता. खरं सांगते, मला त्याचं तेवढं वाटलं नाही. मला बाबांचे पाठीमागचे हात दिसत होते.

"तिले सजा नका देऊ," बाबा म्हणाले. "तिनं मले आधीच दिली."

हे ते मला दुखवायला म्हणाले नव्हते. वकिलापुढे खटला नीट मांडत होते.

वकीलकाकांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग जुन्या सवयीने उलटतपासणी घेतल्यासारखं त्यांनी विचारलं, "पण का केलंत?"

"तिले थर मोजता येत नोते."

"मग आले मोजता?"

"हो. सहा हायेत." बाबा थांबले. त्यांच्यातला मिस्त्री गप्प बसेना. "पन सायब, भिंत चूक हाये."

"काय?"

"भिंत चूक काढली त्यानं. उभी नाई राहनार."

वकीलकाकांनी नाणं उचललं आणि सरळ बाबांपुढे हात केला. "दाखवा."

बाबांनी हात पुढे केले नाहीत. "तुमी धरा, मी सांगतो."

"अहो, घ्या ना. आता काय व्हायचं राहिलंय त्याचं?"

"नाई. तुमीच धरा."

वकीलकाकांना वाटलं, हा माणूस घाबरलाय. मला माहीत होतं, ते घाबरलेले नव्हते. ते माझं ऐकत होते. मी खुर्चीवरून उठले. वकीलकाकांच्या हातावरचं नाणं घेतलं आणि बाबांच्या मागे गेले. त्यांचा उजवा हात धरून पुढे आणला. जड हात, तळव्याला जागोजागी भाजल्याचे पांढरे डाग, नखांत अजून थोडी राख. मी त्यांची बोटं एक एक करून उघडली आणि तळव्यावर नाणं ठेवलं.

"मी चुकली, बाबा," मी म्हटलं. "आईनं मले सांगतलं. मी लई चुकली. धरा. तुमीच धरा."

ते माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी मूठ मिटली, नाणं आत. बराच वेळ मूठ तशीच होती. वकीलकाका काही समजले असतील की नाही, मला माहीत नाही. ते उठून आत गेले आणि पाणी आणायला सांगण्याच्या निमित्ताने जरा जास्तच वेळ आत राहिले.

ते परत आले तेव्हा बाबा खुर्चीवर बसलेले होते आणि त्यांनी नाणं उजेडात तिरकं धरलं होतं. "हे पाहा," त्यांनी अंगठ्याच्या नखाने दाखवलं. "ह्या दगडाचा सांधा. त्याच्यावर पुन्हा सांधा. त्याच्यावर पुन्हा. खालून वरवर एकच रेघ. अशी भिंत कोनताच मिस्त्री नाई बांधत. ज्यानं हे कोरलं ना, त्यानं कदी वीट नाई लावली. पन ज्यायनं खरी वेस बांधली, त्यायले हे येत असन. नाई तं ती पडली असती."

वकीलकाकांनी भिंग घेतलं. त्यांचं डोकं बाबांच्या डोक्याला टेकेल इतकं खाली आलं. "वीस वर्षं मी हे नाणं पाहतोय," ते म्हणाले. आणि मग बाजूचा डबा त्यांनी पुन्हा उघडला आणि पुलाचं नाणं काढलं. "आणि हे?"

"ह्याच्यात पिलर नाईत," बाबा लगेच म्हणाले.

त्यांचा निकाल असा झाला. नाणी पुन्हा घराबाहेर जाणार नाहीत. मी दर रविवारी तिथेच येऊन चित्रं काढायची. आणि मला सोडायला येणाऱ्या माणसाने बाहेर स्कूटरवर बसून राहायचं नाही. माझा प्रबंध त्या व्हरांड्यात पूर्ण झाला. मी कमी बोलले, ते दोघं जास्त. वेशीच्या प्रकरणात मी सांध्यांबद्दल एक परिच्छेद लिहिला आणि खाली टीप दिली, की हे निरीक्षण कोक ओव्हनचे निवृत्त मिस्त्री अमुक अमुक यांचं. बाबांचं पूर्ण नाव लिहिलं. ते इथे लिहीत नाही, पण तिथे आहे, छापलेलं. बाबांनी ती टीप वाचली आणि विचारलं, "राजाच्या खाली टाकलं का मले?" मी म्हटलं, पानाच्या खाली टाकलं. ते बरं म्हणाले.

वकीलकाका गेले त्यालाही आता बरीच वर्षं झाली. तेराव्याच्या नंतर त्यांचा जहाजावरचा भाऊ आमचं क्वार्टर शोधत आला आणि बाबांच्या हातात एक काड्यापेटी दिली. बाकीची नाणी कुठल्याशा संग्रहालयात गेली म्हणाला. हे एवढं तिथे देऊ नका, मिस्त्रींना द्या, असं दादा सांगून गेले होते. तिथे ह्याला कुणी घेतलंही नसतं.

जयंतीच्या आधी अजूनही आमच्या अंगणात चिंच भिजते. क्वार्टर सुटलं, आता घर स्वतःचं आहे, अंगण लहान आहे. आई खुर्चीत बसून सूचना देते. बाबांना डोळ्यांनी कमी दिसतं आणि हात थरथरतात, पण पितळ दुसऱ्या कुणाला उजळू देत नाहीत. आधी मूर्ती, मग स्टँडं, मग गुंड. शेवटी खिशातून काड्यापेटी काढतात आणि दरवर्षी तेच विचारतात, चेहऱ्यावरची रेघ न हलवता, "हे बी टाकू का?"

"टाका, बाबा," मी म्हणते.

यंदाही टाकलं. घासलं, धुतलं, धोतराच्या फडक्याने पुसलं. मग डोळे मिटून अंगठा वरून खाली नेला आणि थर मोजले. "सहा," म्हणाले. "बरोबर ना?"

मी भिंगातून पाहते. इतक्या वर्षांच्या राखेने वरचे थर एकमेकांत मिसळून गेलेत. मला पाच दिसतात, नीट सांगायचं तर साडेचार. तारा तर गेलाच. "सहा, बाबा," मी म्हणते.

मग ते नाणं कट्ट्यावर वाळायला ठेवत नाहीत. माझा हात चाचपडून शोधतात आणि ओलंच माझ्या तळहातावर देतात.